पाला पिवळा पडेपर्यंत

डेलियाचा कंद जमिनीतून काढताना कुदळ बुंध्यापासून हातभर दूर मारावी, चारही बाजूंनी माती सैल करावी आणि मग दोन्ही हात खाली घालून गड्डा उचलावा. खोड धरून ओढू नये. खोड ओढले की कंदाच्या मानेला पीळ बसतो, आणि मान दुखावलेला कंद वरून कितीही धडधाकट दिसला तरी उपयोगाचा राहत नाही. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. परभणीत एका सरकारी बंगल्याच्या मागच्या बागेत कोंडाबाई नावाची माळीण काम करीत असे; तिच्याकडून मी ते शिकलो. तिला अक्षरओळख नव्हती. मी पुढे बरीच वर्षे मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवले. जुने विद्यार्थी भेटतात आणि अमुक एक गोष्ट अजून आठवते म्हणून सांगतात, तेव्हा माझ्या ध्यानात येते की ती गोष्ट बहुधा कोंडाबाईची होती. तिचा एक धडा मात्र मी आजवर वर्गात सांगितलेला नाही. तो सांगायचा तर तो मला कसा मिळाला हेही सांगावे लागेल.

मी शाळेवर रुजू झालो ते निजामी अमलाचे दिवस. माझ्या भाड्याच्या घराची मागची भिंत आणि बंगल्याच्या बागेची भिंत एकच होती. भिंत छातीइतकी उंच होती, त्यामुळे सकाळी तोंड धुताना पलीकडे काय चालले आहे ते सहज दिसे. पलीकडे आड, आडाशेजारी दगडी भिंतींची एक खोली आणि खोलीपासून बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांपर्यंत डेलियाचे वाफे. कोंडाबाई ठेंगणी आणि काटक होती. कामाच्या वेळी ती डोक्याला नवऱ्याचे जुने पागोटे गुंडाळी. प्रथम पाहणाऱ्याला ते विचित्र वाटे. पण उन्हात त्याइतके सोयीचे दुसरे काही नव्हते, आणि सोयीचे असेल ते विचित्र दिसते म्हणून टाकून देण्याची तिला सवय नव्हती.

नवरा मारोती हा त्या बागेचा नेमलेला माळी. मी येण्यापूर्वी दोन वर्षे तो वारला. दफ्तरात बाईला माळी म्हणून नेमण्याची रीत नव्हती आणि बागेत तर डेलिया उमलायला आलेला. तेव्हाच्या साहेबांनी विषय पुढे ढकलला. तो पुढे ढकललेलाच राहिला. कागदावर मारोती माळी जिवंत होता आणि बागेत कोंडाबाई राबत होती. साहेब बदलत; पण नवे साहेब येत ते ऐन थंडीत पायऱ्यांपुढचे वाफे पाहत आणि माळी कोण हे विचारायचे विसरून जात. कोंडाबाईला हे पक्के ठाऊक होते. तिची एकुलती मुलगी रुक्मिण बोरीला दिली होती. जावई विठोबा चांगला होता, आमच्याकडे राहायला या असे तो वरचेवर म्हणे. त्यावर ती एकदा भिंतीवरून मला म्हणाली होती, "जावयाच्या दारी पावनी मनून गेलं तर ताट मिळतं, मास्तर. ऱ्हायाला गेलं तर त्येच ताट जड व्हतं. माजी ही खोली हाय. डेल्या हाय तवर खोली हाय."

डेलियाला ती डेल्या म्हणे. त्याच्या जातींना तिने स्वतः नावे दिली होती. पांढरी, कडेला किंचित गुलाबी, ती नवरी. गर्द जांभळी, जिचे फूल मान जरा कलती ठेवूनच उमले, ती बेगम. आणि ताटलीएवढे लाल फूल येणारा, सर्वांत उंच वाढणारा, तो फौजदार. एका वर्षी साहेबांनी गावातल्या अंमलदारांना बागेत चहाला बोलावले होते. त्यांत खरे फौजदारही होते. लाल फुलापाशी थांबून त्यांनी याचे नाव काय म्हणून विचारले. मी भिंतीशी उभा होतो. तिने निदान आज तरी दुसरे काही नाव सांगावे असे मला मनापासून वाटले.

"ह्येला आमी फौजदार मन्तो," ती म्हणाली.

फौजदारांना बरे वाटले असावे. असे का, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले.

"मोठा हाय, लाल हाय. आन् काठी काढून घेतली की आडवा व्हतो."

 मग साहेब हसले, आणि साहेब हसल्यावर फौजदारांनाही हसावे लागले. पाहुणे गेल्यावर मी तिला म्हटले, की थोडक्यात निभावले. ती फौजदाराच्या बुंध्याला माती लावीत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटं काय बोलले? तुमी काडून बगा की काठी."

तिच्या साठवणीची पद्धत पाहायला मी एकदा माझ्या वर्गातली मुले नेली होती. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे ज्येष्ठातही जमीन गार राहते, तिथे गाडग्यांची रांग होती. गाडग्यांत चाळलेली कोरडी वाळू, वाळूत कंद. प्रत्येक गाडग्याच्या गळ्याला सुती दोरा. एक गाठ म्हणजे नवरी, दोन म्हणजे बेगम, तीन म्हणजे फौजदार. मला ही रीत अपुरी वाटली. मी मुलांकडून जाड कागदाच्या चिठ्ठ्या करून घेतल्या, त्यांवर मराठीत आणि उर्दूत नावे लिहवली, लावणीची व काढणीची तिथी घातली आणि त्या गाडग्यांत ठेवून दिल्या. कोंडाबाईने त्या ठेवू दिल्या. दोरे मात्र सोडले नाहीत. भाद्रपदात गाडगी उघडली तेव्हा चिठ्ठ्यांच्या जागी मातीचा भुगा होता. तिने तो तळहातावर घेऊन मला दाखवला. "तुमचं समदं वाळवीनं वाचलं बगा," ती म्हणाली. "आमचा दोरा तिला येत न्हाई वाचायला."

तिचा खरा कस लागे तो फाल्गुनात. फुले संपत आली, की ती पाणी तोडी. वरून बाग केविलवाणी दिसू लागे. पण तेव्हाच पाल्यातले सत्त्व कंदात उतरते. पाणी चालू ठेवले तर कंद फुगतो, पण पिकत नाही, आणि वैशाखात गाडग्यात सडतो. उलट पाला हिरवा असतानाच घाईने काढला, तर साल कच्ची राहते आणि कंद सुरकुतून वाळतो. या दोहोंच्या मधले थोडे दिवस ओळखणे हीच माळ्याची विद्या. ती रोज सकाळी प्रत्येक झाडाचे एक पान चिमटीत धरून पाही. "पाला पिवळा पडस्तोर कंदाला हात लावायचा न्हाई," हे वाक्य मी तिच्या तोंडून दर फाल्गुनात ऐकले आहे. कारण विचारले तर ती एवढेच सांगे, की आधी पोट भरू द्यावे, मग नीज लागते.

निजामी अमलातले शेवटचे साहेब आले, त्यांच्या बेगमसाहेब फुलांच्या फार शौकीन होत्या. त्यांच्या भाचीचे लग्न चैत्रात ठरले आणि त्यांनी हुकूम दिला, की डेलियाला पाणी चालू ठेवा, लग्नाला फुले हवीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तो आडाच्या चाकावर दोर नाही. दोराची वळकटी करून कोंडाबाई तिच्यावर बसली होती. शिपाई आला, परत गेला. खानसामा आला, परत गेला. शेवटी बेगमसाहेब स्वतः मागच्या पायऱ्यांवर आल्या.

"कोंडा, तू हमारी नौकर है या हम तेरे?"

"म्या तुमचीच हाव, बेगमसाब. पर ह्यान्ला आता तहान लागू द्या. यंदा फुलं दिली तर पुढल्या साली म्या तुमाला काय दावू?"

बेगमसाहेब हसल्या आणि आत गेल्या. लग्नाला मोगरा बाहेरून आणला गेला. त्यानंतर त्या दोघींचे काहीतरी जमून गेले. दुपारी पायऱ्यांवर एक वरच्या पायरीला आणि एक खालच्या पायरीला बसून बोलत असत. एक दखनीत, एक मराठीत. दोघींपैकी कोणी दुसरीची भाषा शिकण्याची तसदी घेतल्याचे मला दिसले नाही.

कंद फोडण्याचे काम मात्र मी कधी पाहिले नव्हते. काढलेले गड्डे आठ दिवस खोड खाली, कंद वर असे आढ्याला टांगलेले मी पाहिले होते. पोकळ खोडात पाणी साचून राहू नये म्हणून ती तसे करी. आठव्या दिवशी ती खोलीचे दार आतून लावून घेई. एका गड्ड्याला पाच-सहा कंद असतात. ते सुटे करून, कापलेल्या जागी राख लावून, गाडग्यात भरूनच ती बाहेर येई. हे मारोतीने तिला त्याच्या शेवटच्या आजारात शिकवले होते आणि बाहेर कोणाला दाखवू नये असे बजावले होते. मलाही त्याची विशेष उत्सुकता नव्हती. मी वसमतकडच्या हळदीच्या घरातला. गड्ड्यावरून हळकुंडे मोडण्यात माझे बालपण गेले होते. त्यात दार लावून करण्यासारखे काय असणार, असे मला वाटे.

अठ्ठेचाळीस साल उजाडले तेव्हा शाळेत निम्मे बाक रिकामे पडू लागले होते. बाजार दुपारीच बंद होई. हत्यारबंद टोळ्या खेड्यांतून फिरत आणि रोज कुठल्या तरी गावाचे नाव ऐकू येई. त्या गावचे लोक दोन दिवसांनी हद्दीपलीकडे वऱ्हाडात गेल्याचे कळे. होळीच्या आठवड्यात विठोबा गाडी घेऊन बंगल्यावर आला. बोरीतली त्यांची सगळी आळी निघाली होती आणि रुक्मिण आईवाचून निघायला तयार नव्हती. भिंतीशी उभा राहून मी ते बोलणे ऐकले, आणि मध्ये पडून विठोबाची बाजूही घेतली.

कोंडाबाईने एक पान तोडून आमच्यापुढे धरले. हिरवे होते.

"आठ-दहा दिस थांबा," ती म्हणाली. "न्हाईतर तुमी पुढं व्हा, म्या मागून येते."

"मामी, गावं जळायलीत," विठोबा म्हणाला. "आन् तुमी पाला बगायलाव. कंदासाठी जीव द्यायचा का?"

"तुमच्याकडं म्या आठ दिस पावनी हाय, जावईबापू. नवव्या दिसापासून म्या कोण हाय? ह्ये कंद गेलं तर परतून यायला माजं काय ऱ्हातंय हितं?"

विठोबा रिकामी गाडी घेऊन गेला. त्यानंतर अकरा दिवस ती रोज सकाळी पान चिमटीत धरी आणि मी रोज सकाळी भिंतीवरून तिच्या तोंडाकडे पाही. चौथ्या दिवशी कळले, की बोरीची मंडळी निघून गेली. सातव्या दिवशी जिंतूरच्या रस्त्यावरून येणाऱ्यांनी सांगितले, की आता एकट्याने कोणी त्या वाटेला लागू नये. तिने ऐकून घेतले आणि वाफ्यात गेली. आपण एका हट्टी बाईला नाहक मरू देत आहोत असे मला वाटे. आणि त्याच वेळी, वर्गात मी मुलांना ज्या नियमांविषयी सांगतो, त्यांतला एखादा नियम इतक्या गांभीर्याने पाळणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही, असेही वाटे.

बाराव्या दिवशी पाला पिवळा पडला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे एक गाडी जिंतूरकडे जाणार होती आणि तीत तिला जागा मिळाली होती. त्या एका दिवसात आम्ही दोघांनी सगळे वाफे काढले. ती खोदी आणि मी गड्डे वाहून माझ्या पडवीत टांगी. तिच्या मागे खोली कोणी उघडील याचा भरवसा नव्हता, म्हणून गाडगी आणि वाळूही माझ्याकडेच आणली. अख्खा गड्डा गाडग्याच्या तोंडातून आत जात नसे. तेव्हा आठ दिवसांनी ते फोडण्याचे कामही माझ्याकडे आले.

दिवस मावळायला आला होता. बेगमसाहेबांनी शिपायाकरवी उर्दूत लिहिलेली एक चिठ्ठी पाठवली होती. ही कोंडाबाई आमच्या बागेची मालन आहे, वाटेत तिला कोणी तसदी देऊ नये, अशा अर्थाची. मी ती वाचून दाखवली. तिने "मालन" हा शब्द मला पुन्हा वाचायला लावला आणि तो कागदावर नेमका कुठे आहे ते बोट ठेवून पाहून घेतले. तिचे काम तिच्या नावापुढे लिहिलेले तिने त्या दिवशी प्रथमच पाहिले. मग तिने चिठ्ठी कनवटीला खोवली, पडवीतून एक गड्डा काढून पुढ्यात घेतला आणि चाकू हातात घेतला.

"आता नीट बगा, मास्तर. ह्येला फोडायचं कसं, तर आदी ह्यो बुडखा..."

मी तिला थांबवले. अंधार पडण्याच्या आत तिने खोलीवर जावे अशी मला घाई होती, हे खरे. पण तेवढेच खरे नव्हे. "कोंडाबाई," मी म्हणालो, "मी हळदीच्या घरातला माणूस. हे तुम्ही मला सांगायला नको."

तिने माझ्याकडे पाहिले. चाकू मिटला आणि गड्ड्याशेजारी ठेवला. "तुमी शिकल्यालं मानूस," एवढेच म्हणाली आणि उठली. मारोतीने दाराआड शिकवलेली गोष्ट ती मला सांगायला बसली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आले नाही.

आठ दिवसांनी मी ते काम अत्यंत काळजीपूर्वक केले. हळकुंड गड्ड्यावरून मोडावे तसे एकेक कंद मधल्या खोडाच्या बुडख्यापासून वेगळे केले. मान चिवट होती, म्हणून मोडण्याऐवजी चाकूने साफ कापली. कापलेल्या जागी राख लावली. वाळू तीनदा चाळली. तिचे गाठींचे दोरे होते तसे बांधले आणि चिठ्ठ्या या वेळी गाडग्यांच्या बाहेरून चिकटवल्या. उरलेले बुडखे उन्हात वाळवले आणि वैशाखभर सकाळी पाणी तापवायला न्हाणीच्या चुलीत घातले.

आषाढात साहेबांची बदली झाली. निघण्याच्या दिवशी बेगमसाहेब भिंतीपाशी आल्या आणि माझ्या पत्नीला म्हणाल्या, "कोंडा आए तो उसे बोलना, अब कोई पानी मांगनेवाला नहीं रहा." भाद्रपदात राज्य बदलले. आश्विनात, दसऱ्याच्या आगेमागे, कोंडाबाई चालत आली. ती वाळली होती आणि पागोटे कुठेतरी गेले होते. बोरीला पोहोचली तेव्हा ऐकले होते तसेच रुक्मिणीच्या घराला कुलूप होते. तिथून ती माणसे विचारीत वऱ्हाडात गेली आणि पंधराव्या दिवशी लेक सापडली. आता सगळे परतले होते. पण बोरीचे घर जळाले होते आणि विठोबाने चार वाशांवर तुराट्या घालून आडोसा केला होता. "त्यात त्येंचीच चार मानसं दाटी करायलीत," ती म्हणाली. "म्या तिथं कुटं बसू?"

तिच्या खोलीला कुलूप होते. बंगल्यात नवे साहेब आले होते. माणूस सभ्य होता. दफ्तरात मारोती माळी असे नाव होते आणि चौकशीअंती तो मृत निघाला होता. तेव्हा ही बाई कोण, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तिने चिठ्ठी पुढे केली. त्यांना उर्दू येत नव्हते, म्हणून मी वाचली. त्यांनी ऐकून घेतले, कागदाची घडी करून परत दिली आणि म्हणाले, की त्या अमलातल्या कागदाचे आता काही करता यायचे नाही. परंतु बागेत काही असेल तर माळी लागेलच. थंडीत काय फुलते ते पाहू, तोवर खोली राहू द्या.

तेथून ती सरळ माझ्या पडवीत आली. मी सर्व गाडगी ओळीने मांडली. एकही कंद सडला नव्हता, एकही सुरकुतला नव्हता. माझ्या आयुष्यात इतके नीटनेटके काम मी क्वचितच केले असेल. तिने फौजदाराचा एक कंद उचलला आणि अंगठा मानेवरून फिरवला. तो ठेवून दुसरा घेतला. पहिले गाडगे संपल्यावर दुसरे घेतले. अशी सगळी गाडगी तिने पाहिली. घाई केली नाही.

"बुडखे कुटं हायेत, मास्तर?"

"वाळले होते. जाळले."

तिने हातातला कंद वाळूत परत ठेवला आणि वरून मूठभर वाळू सारखी केली. "लय चांगलं राखलाव," ती म्हणाली. "एक बी सडला न्हाई."

मी शिक्षक, मला एवढ्याने समाधान होईना. काय झाले ते मी पुन्हा पुन्हा विचारले. तेव्हा तिने एक कंद माझ्या हातात दिला आणि सांगितले. हळदीच्या प्रत्येक हळकुंडाला स्वतःचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, असतात. डेलियाच्या कंदाला एकही नसतो. त्याचे सगळे डोळे बुडख्यावर, जुन्या खोडाच्या तळाशी. म्हणून फोडताना बुडखाच उभा चिरायचा आणि प्रत्येक कंदाच्या मानेवर त्याची एक तरी चकती डोळ्यासकट ठेवायची. हेच ती दाराआड करीत असे.

"म्हणजे हे मेले?" मी विचारले.

"मेले कशाला? मातीत घाला, मुळ्या बी फुटतील. ह्येला जीव हाय, मास्तर. वर यायला वाट न्हाई."

मी बरेच काही बोललो असेन. त्यातले मला काही आठवत नाही. तिचे उत्तर आठवते. "तवा तुमचं मन मोडावं वाटलं न्हाई. म्याच सांगायला पायजे व्हतं."

हैदराबादेत ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांना मी नव्या कंदांसाठी पत्र लिहिले. त्या दिवसांत पत्रे पोहोचत होती की नाही कोण जाणे. उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी पाहतो तो कोंडाबाई वाफे खणीत होती. तिने ते सर्व कंद नेहमीच्या अंतराने, नेहमीच्या खोलीवर लावले. भिंतीपाशी आली तेव्हा मी विचारले, की हे कशासाठी.

"लावल्यालं दिसलं की मानसं वाट बगत्यात," ती म्हणाली. "वाट बगायलेत तवर खोली हाय."

कार्तिक संपत आला तेव्हा नवे साहेब एका सकाळी वाफ्यांशी उभे होते. मला पाहून त्यांनी हाक मारली. मी शाळेत हाच विषय शिकवतो असे त्यांनी ऐकले होते. हे उगवायला एवढा वेळ का लागतो, असे त्यांनी विचारले. कोंडाबाई आडापाशी पाठमोरी होती. बादली हातात, पण दोर चालत नव्हता.

"थंडी नीट पडली की येतील," मी म्हणालो. "जुन्या कंदांना उशीर लागतो."

साहेबांनी मान हलवली. आडाचा दोर पुन्हा चालू लागला.

मार्गशीर्षात तिने प्रत्येक कंदापाशी काठी रोवली. नवरीला कमरेएवढी, बेगमला थोडी उंच, फौजदाराला पुरुषभर. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, की आता आधार लागेल इतके काहीतरी जमिनीखाली तयार आहे. ती रोज पाणी घाली, खुरपणी करी, तण नव्हते तरी माती हलवी. मी सकाळी तोंड धुवायला भिंतीकडे जायचे सोडून दिले होते.

पौषात हुकूम आला. वाफे मोडून तिथे भाजी लावायची होती आणि त्यासाठी साहेबांचा शिपाई पुरेसा होता. खोली महिनाअखेर रिकामी करायची होती. कोंडाबाईने महिना संपण्याची वाट पाहिली नाही.

त्या सकाळी मात्र मी भिंतीशी गेलो. थंडी होती, उजेड नुकताच पडला होता. ती एकेक काठी उपटीत होती. तळाची माती गवतावर पुसून बाजूला ठेवीत होती. फौजदाराची काठी उपटल्यावर ती तिथेच बसली. हातांनी माती बाजूला केली. कुदळ घेतली नाही. दोन्ही हात खाली घालून तिने कंद उचलला. एवढ्या अंतरावरूनही मला दिसले, की त्याला खालून पांढऱ्या मुळ्यांचा दाट झुबका फुटला होता. मानेवर काही नव्हते. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, होता तसा परत ठेवला, माती लोटली आणि तळहाताने दाबली.

मग काठ्यांचा भारा बांधून डोक्यावर घेतला. जिंतूरच्या रस्त्याकडचे फाटक उघडले. विठोबाच्या आडोशाला त्या काठ्यांचा उपयोग होणार होता. फाटकातून ती परत वळली, भारा खाली ठेवला, आडावर जाऊन अर्धी बादली पाणी ओढले आणि फौजदाराच्या जागेवर सावकाश ओतले.